दोन तोंडांचं आहेर-कपाट

कमलाकांत खोलापूरकरांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, आणि ते मागे घ्यायला ते अखेरपर्यंत तयार झाले नाहीत. चूक कपाटाची नव्हती. कपाट यादीवर चालत होतं आणि तोंडी सांगण्यावरही चालत होतं. आता माणसांनीच उन्हात उभं राहून खोटी नाती सांगायची ठरवली, तर त्यात सागवानी लाकडाचा काय दोष? पण अमरावतीच्या अख्ख्या बुधवाऱ्यात सागवानाची बाजू घेणारं दुसरं कोणी निघालं नाही.

झालं होतं असं, की त्यांची पुतणी चारुशीला हिचं लग्न अकोल्याला जमलं. जठारपेठेतले उद्धवराव दानापूरकर वकील, त्यांचा धाकटा मुलगा. घर चांगलं, मुलगा कॉलेजात शिकवणारा, मुलीला पसंत. साल एकोणसाठ, महिना वैशाख. चारुशीला ही थोरल्या भावाची, हरिहररावांची मुलगी. ती रांगत होती तेव्हाच हरिहरराव गेले, आणि तारावहिनी मुलीला घेऊन कमलाकांतांकडे आल्या त्या तिथल्याच झाल्या. कमलाकांत आणि गोदावरीबाईंना मूलबाळ नव्हतं. पोर सगळ्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. पण पत्रिका छापायला टाकायला गेले तेव्हा छापखानेवाल्याने विचारलं, "पोरीचे वडील?" आणि कमलाकांतांनी "कैलासवासी" असं सांगितल्यावर तो चेहरा पाडून म्हणाला, "अरेरे. म्हंजे बिनबापाच्या पोरीचं लगन हाये."

बस्स. ते वाक्य जे कानात शिरलं ते निघेचना. लग्नाच्या दिवशी ते दुसऱ्या कोणाच्याही तोंडून निघता कामा नये, मग त्यासाठी काय वाटेल ते करावं लागो, असं त्यांनी तिथं छापखान्यातच ठरवलं.

लग्नात माणसं नावं ठेवतात ती कशावरून, याचा त्यांनी अभ्यास केलेला होता. जेवणावरून ठेवतात, पण जेवण पचलं की विसरतात. आहेर विसरत नाहीत. आहेर घरी येतो, धुतला जातो, दोरीवर वाळत पडतो, आणि दर धुण्याला आठवण करून देतो की सख्ख्या मामाला टॉवेल मिळाला होता आणि मामाच्या शेजाऱ्याला धोतरजोडी. खुद्द कमलाकांतांना मागे एका लग्नात, ते नवऱ्या मुलाचे सख्खे आतेभाऊ असताना, पोलक्याचा खण मिळाला होता! देणाऱ्याने वर हात जोडून "गोड मानून घ्या" असंही म्हटलं होतं. माणसाने खण गोड मानून घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आणि हे सगळं कशामुळे होतं? तर ऐन गर्दीत कोणीतरी मामेसासरा घाईघाईने गठ्ठ्यात हात घालतो आणि हाताला येईल ते पुढे करतो, यामुळे. यात पद्धत नाही. कमलाकांत एका सरकारी कचेरीत रेकॉर्डकीपर होते. इंग्रजांच्या वेळचा कुठलाही कागद मागा, ते चष्मा न लावता काढून देत. असा माणूस घरात असताना पोरीच्या लग्नात खण मामाकडे गेला, तर मग इतक्या वर्षांची नोकरी कशाला केली?

म्हणून त्यांनी चक्र तयार केलं. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, मध्ये खिळा. बाहेरच्या चकतीवर नाती: मामा, मावसा, आत्या, साडू, दीर, व्याह्याचा व्याही. आतल्या चकतीवर अंतर: सख्खा, चुलत, दूरचा. नात्यासमोर अंतर आणून ठेवलं की खालच्या खिडकीत आपोआप आहेर दिसायचा. सख्खा मामा म्हणजे धोतरजोडी. चुलत मामा म्हणजे टोपी-उपरणं. दूरची कोणीही बाई म्हणजे खण-नारळ. चारुशीलेने ते चक्र दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही यात कुठं आहात?" तर ते म्हणाले, "मी फिरवणारा. फिरवणारा चकतीवर नसतो."

चक्राच्या मागे कपाट आलं. ते इनायतुल्ला मिस्त्रींनी केलं. उभ्या-आडव्या फळ्या, आणि मध्ये एकेका आहेराचा एकेक खाना. मिस्त्रींनी माप घेतलं आणि विचारलं, "एवढे खाने कायले पाह्यजेत बाबूसाहेब? कबुतरं पाळून राहिले काय?" कमलाकांतांनी त्यांना सगळी योजना समजावून सांगितली. मिस्त्रींनी ती शेवटपर्यंत ऐकली, "अल्ला मालिक," म्हणाले आणि करवत उचलली.

कपाट व्हरांड्यात उभं राहिलं तसे शेजारी पाहायला यायला लागले, आणि पाहायला आलेला माणूस सल्ला न देता परत गेला असं बुधवाऱ्यात कधी घडलेलं नाही. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचं म्हणणं पडलं की प्रत्येक खान्याला कुलूप हवं. डाव्या हाताला राहणारे वैद्यबुवा म्हणाले, कुलूप नको, पण रुसणाऱ्यांसाठी एक जादा खाना ठेवा. कोणीतरी कपाट पूर्वेला तोंड करून ठेवायला सांगितलं. ज्यांनी उभ्या जन्मात स्वतःच्या घरात एक खुंटी सरळ ठोकली नाही, ते फळ्यांना वाकून काटकोन बघू लागले. कमलाकांत सर्वांना चहा देत होते आणि आतून धुमसत होते.

योजना अशी होती: अकोल्याहून आधी यादी येणार. यादीतल्या प्रत्येक नावाची चिठ्ठी करायची, चिठ्ठ्या मानाप्रमाणे लावायच्या, थोरला वर, धाकटा खाली. मग चक्र फिरवून एकेकाचं पुडकं बांधायचं, वर नाव लिहायचं आणि खान्यात ठेवून द्यायचं. लग्नाच्या दिवशी नाव घ्या, पुडकं उचला, हात जोडा. संपलं.

त्यांनी उद्धवरावांना रकाने आखलेला तक्ता पाठवला. उत्तर आलं ते वकिलाचं. "आपल्या तक्त्यातील चौथा रकाना संदिग्ध आहे. माझे मामेभाऊ हे माझ्या पत्नीचे मावसभाऊही लागतात. त्यांस कोणत्या अंगाने धरावे, याचा खुलासा व्हावा. तोवर सर्व हक्क राखून यादी पाठवीत आहे." आणि खाली यादी, सुवाच्य अक्षरात. यादीच्या शेवटी तीन शब्द: "व इतर मंडळी."

"इतर!" कमलाकांत पत्र हातात धरून घरभर फिरले. "इतर हे नातं आहे का? चकतीवर कुठं बसवू मी इतर? इतराचा खाना कुठला?"

"येतील तेव्हा बसवू हो," गोदावरीबाई म्हणाल्या. त्या पापड वाळत घालत होत्या.

त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा यादी आली, आणखी नावं घातलेली, आणि खाली पुन्हा "व इतर मंडळी". तिसऱ्या पत्राला उद्धवरावांनी उत्तर दिलं की लग्न म्हणजे मृत्युपत्र नव्हे, त्यात सगळे वारस आधी नमूद करता येत नाहीत. हे वाक्य कमलाकांतांना जिव्हारी लागलं.

तेवढ्यात जानोशाची भानगड उपटली. वऱ्हाड उतरवायला जवळची शाळा मागितली होती, तर अर्ज परत आला. शाळेच्या कमिटीचा कारकून शेरा मारतो: 'उतरणाऱ्या इसमांची संख्या नमूद नाही.' कमलाकांतांनी स्वतः जाऊन संख्या लिहिली, आणि प्रामाणिक माणूस म्हणून पुढे 'व इतर' असंही लिहिलं. कारकुनाने चष्म्यावरून बघत विचारलं, "इतर म्हंजे किती?"

"ते अकोल्याच्या लोकांना विचारा!"

"अर्ज कोणाचा हाये? अकोल्याचा का तुमचा?"

जो प्रश्न विचारून त्यांनी अकोल्याला हैराण केलं होतं तोच प्रश्न एका शाळेचा कारकून त्यांना विचारत होता, आणि तोही त्यांच्यापेक्षा कमी नोकरी झालेला. शेवटी हेडमास्तर वैद्यबुवांचे पेशंट निघाले म्हणून शाळा मिळाली. कपाटावर वैद्यबुवांचे उपकार झाले, आणि त्यांचा जादा खाना करावा लागला.

लग्नाच्या आधी गोदावरीबाईंचे भाऊ किसनराव मोर्शीहून आले. संत्र्याचा बगीचावाला माणूस, बोलण्याला साल नाही. त्यांनी कपाटाभोवती एक चक्कर मारली, बांधलेली पुडकी पाहिली आणि म्हणाले, "भाऊजी, हे सारं यादीतल्या लोकायसाठी हाये. वऱ्हाड का असं मोजून-बांधून येत असते? पाट सोडला का पाणी येते, तसं येते ते. हिकडून फुटते, तिकडून फुटते. तुमचं कपाट टाक्याले चांगलं हाये, पाटाले नाई."

दुपारी कमलाकांत स्वतः इनायतुल्ला मिस्त्रींना बोलावून घेऊन आले. जे 'इतर' कागदावर येत नाहीत ते तोंडाने तर सांगतील की नाही, की आपण कोण? मग कपाटाला आणखी एक तोंड करायचं. वरचं यादी-दार, किसनरावांच्या ताब्यात: नाव सांगा, पुडकं घ्या. खालचं तोंडी-दार, तिथं टेबल, टेबलावर चक्र, चक्रामागे स्वतः कमलाकांत: नातं सांगा, अंतर सांगा, खिडकीत दिसेल ते घ्या. माल दोन्हीकडे त्याच खान्यांतून. अशी सोय हिंदुस्थानात दुसरीकडे कुठं असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

"आणि विहीणबाई?" गोदावरीबाईंनी विचारलं. "त्यांचं कुठल्या दारातून?"

"त्यांना दार नाही," कमलाकांत अभिमानाने म्हणाले. "पहिला खाना त्यांचा. शालू घडी करून ठेवला आहे. त्या शेवटी येणार, वाजतगाजत, पायघड्यांवरून. मोतीराम परटाला सांगून ठेवलं आहे."

आहेर जेवणानंतर, निघताना द्यायची रीत. ती त्यांनी बदलली. मांडवात शिरतानाच आहेर, म्हणजे मनात काही न ठेवता माणूस जेवायला बसेल. किसनराव म्हणाले, "रीत बदलून राहिले तुमी." कमलाकांत म्हणाले, "सुधारून राहिलो आहे."

वऱ्हाड बडनेऱ्याला गाडी बदलून सकाळी आलं. सीमांतपूजन झालं, पन्हं झालं, मंडळी शाळेत उतरली. मुहूर्त गोरज. दुपारी उतरत्या उन्हात मंडळी मांडवाकडे यायला लागली, आणि दाराशी त्यांना कपाट भेटलं.

पहिली अडचण दहा-पाच माणसं येताच लक्षात आली. यादीतल्यांचा मान आधीच लावता येतो. रांगेत उभा असलेला माणूस थोरला की त्याच्या मागचा थोरला, हे मागचा येईपर्यंत कळत नाही. थोरल्याच्या आधी धाकट्याला दिलं तर? हे कमलाकांतांच्या पद्धतीत बसत नव्हतं. ते टेबलामागे उभे राहिले आणि म्हणाले, "शेवटचा माणूस येईपर्यंत सर्वांनी थांबावं. सर्व आले की मानाप्रमाणे सुरू करू."

मंडळी थांबली. वैशाखाचं ऊन पाठीवर. मांडव समोर, सावली समोर, माठ समोर, आणि मध्ये कपाट. जानोशातून माणसं येतच होती. दर वेळी वाटायचं, हा शेवटचा. त्याच्यामागे आणखी दोघं कोपऱ्यावर दिसायचे. एक बाई पोराला वारा घालता घालता म्हणाली, "कायची वाट पाहून राहिले हो हे?" तिच्या नवऱ्याने सांगितलं, "शेवटच्या माणसाची." ती म्हणाली, "मंग आपण मांगं जाऊन उभं राहू, म्हंजे आपणच शेवटचे." आणि खरोखर काही कुटुंबं पुढून उठून मागे जाऊन उभी राहिली.

"भाऊजी," किसनराव वरच्या दारातून म्हणाले, "लग्नात शेवटचा माणूस नसते. लोकं शिजून राहिले. सुरू करा."

सुरू केलं. पहिलाच एक तरुण पुढे आला. "मी नवरदेवाचा मित्र."

"मित्र नातं नाही."

"भावासारखा हाये जी."

"भाऊ की भावासारखा?"

तो घामाने निथळत होता. "मंग भाऊच धरा."

कमलाकांतांनी चक्र फिरवलं. टोपी-उपरणं. तो टोपी घालून निघाला, आणि रांगेच्या बाजूने जाताना सगळी माहिती देत गेला. इथून पुढे जे झालं ते सभ्य माणसांच्या गावात झालं यावर कमलाकांतांचा पुढे कधीही विश्वास बसला नाही. मामाला धोतरजोडी आहे, ही बातमी टोकापर्यंत पोचली, आणि नवरदेवाला परमेश्वराने एकाएकी मामेच मामे दिले. काळे मामे, गोरे मामे, नवरदेवापेक्षा लहान मामे. एकजण तर आधी वरच्या दारातून मावसा म्हणून पुडकं घेऊन, मग खालच्या दारात साडू म्हणून उभा राहिला. कमलाकांतांनी त्याला ओळखून धरलं, तर उद्धवराव दुरून ओरडले, "दोन्ही नाती खरी आहेत त्यांची! मी पत्रात लिहिलं होतं!"

धोतरजोड्या संपल्या आणि मग खरा मामा आला. म्हातारा, पागोटं घातलेला, काठी टेकत, वरचं दार कुठलं ते न विचारता सरळ टेबलाशी.

"नातं?"

"मामा."

"सख्खा?"

"सख्खा."

"सगळे सख्खेच सांगतात," कमलाकांत म्हणाले. त्यांच्या चष्म्यावरून घाम गळत होता. "कोणी ओळखीचं आहे का सांगणारं?"

म्हातारा तिथंच टेबलापाशी, रस्त्यावर, मांडी घालून बसला, आणि उठेना. त्याच्यामागून मोतीराम परीट पायघड्यांची कापडं खांद्यावर घेऊन आत जात होता, त्यालाही कमलाकांतांनी मान खाली घालून विचारलं, "नातं?" मोतीराम म्हणाला, "माहं कायचं नातं बाबूजी, मी परीट." कमलाकांत म्हणाले, "मग रांगेत उभा राहू नको." मोतीराम म्हणाला, "बरं," आणि कापडं घेऊन घरी निघून गेला. बुधवाऱ्यातल्या प्रत्येक लग्नात ज्याने मानाने पायघड्या टाकल्या, त्याला असं कोणी कधी बोललं नव्हतं.

आपली सगळी माणसं उन्हात उभी आहेत आणि आपला सख्खा भाऊ रस्त्यावर बसला आहे, ही बातमी जानोशात विहीणबाईंना पोचली. नवरदेवाची आई अशी येत नसते. तिला बोलवायला जावं लागतं. पण सत्यभामाबाई दानापूरकर चपला घालून तडक निघाल्या आणि रांगेतूनच वाट काढत टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय चाललं हाये हे?"

कमलाकांतांनी वर पाहिलं नाही. चष्म्याच्या काचा घामाने भरल्या होत्या, आणि चक्राचा खिळा ढिला झाला होता. "रांगेतून या. नातं?"

"तुमी मले विचारून राहिले काय?"

"सर्वांनाच विचारतो. नवरदेवाच्या आपण कोण? जवळच्या की दूरच्या?"

वरच्या दारात किसनरावांनी कपाळाला हात लावला.

"आता दूरचीच," सत्यभामाबाई म्हणाल्या.

कमलाकांतांनी चक्र 'दूरची' वर आणलं, खिडकीत पाहिलं, खान्यात हात घातला, आणि नवरदेवाच्या आईच्या हातावर खण आणि नारळ ठेवून म्हणाले, "गोड मानून घ्या."

सत्यभामाबाईंनी नारळ टेबलावर ठेवला. खण त्यावर ठेवला. भावाला हाताला धरून उठवलं, आणि मागे न पाहता जानोशाकडे चालू लागल्या. त्यांच्यामागे सगळ्या बायका गेल्या, आणि बायकांमागे मामे, खरे आणि खोटे, दोन्ही. बँडवाल्यांनी पुंग्या खाली ठेवल्या.

"त्या रांगेतून आल्या!" कमलाकांत सर्वांना सांगत होते. "मी काय करू? रांगेतून येणाऱ्याला विचारायचंच असतं!"

"अहो, विहीण कधी रांगेतून येते का?" गोदावरीबाईंना रडू येत होतं.

"तेच तर मी म्हणतो! का आल्या मग?"

तारावहिनी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या, आणि मांडवात कोणीतरी बाई दुसरीला हळूच म्हणाली ते कमलाकांतांना स्पष्ट ऐकू आलं: "बाप असता तं असं झालं नसतं." कमलाकांतांनी चक्र टेबलावर ठेवलं. आतल्या दारात चारुशीला उभी होती, पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून. तिने एवढंच विचारलं, "काका, त्या येतील ना?" तिच्या तोंडावरची भीती त्यांना बघवली नाही. ते चप्पल न घालताच निघाले.

शाळेच्या व्हरांड्यात उद्धवराव पंख्याने वारा घेत बसले होते. "माझा या कोर्टात अधिकार चालत नाही," ते म्हणाले आणि पाचवीच्या वर्गाच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. कमलाकांतांनी कडी वाजवली.

"कोण हाये?" आतून आवाज आला.

"मी. कमलाकांत खोलापूरकर."

"नातं?"

आतल्या बायका खदखदून हसल्या. कमलाकांतांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सरकारी नोकर, पन्नाशी उलटलेला, अनवाणी, आणि पाचवीच्या वर्गाबाहेर उभा.

"मुलीचा काका."

"सख्खा का दूरचा?"

पुन्हा हसणं. "सख्खा!" ते ओरडले.

"काकाचं काम नाई इथं. विहीण रुसली तं पोरीच्या बापानं यावं लागते, अशी रीत हाये. त्याले पाठवा."

बोलून गेल्यावर सत्यभामाबाईंचं त्यांनाच उमगलं असावं. आतलं हसणं थांबलं. उद्धवरावांचा पंखाही थांबला. आणि दुपारभर शिस्तीत, कचेरीच्या मराठीत बोलणारे कमलाकांत त्या दारावर दोन्ही हात आपटून जे बोलले ते बुधवाऱ्यातल्या घरात बोलायची भाषा होती.

"बाप? मंग मी कोण होय? तिले टायफॉइड झाला तवा उशाशी बसून पंचांग उलटंसुलटं वाचणारा कोण होता? तिच्या सायकलमांगं मालटेकडीपावतर धावला अन् पडला तो कोण होता? मॅट्रिकच्या रिझल्टले पेपर घ्यायची हिंमत नाई झाली, दुकानासमोर उभा राहून रडला, तो काका होता काय? बाप मेला तवा ती रांगत होती. चालाले कोणी शिकवलं? मीच बाप हाये तिचा! कोणत्या रकान्यात लिवता ते लिवा!"

मग कडी निघाली. सत्यभामाबाई दारात उभ्या होत्या, पदराने डोळे पुसत, आणि तरीही रागावलेल्याच.

"मंग इतका येळ काका-काका काहून करून राहिले होते? येते मी. पण चालत नाई येत. पायघड्या पाह्यजेत."

मोतीराम कापडं घेऊन घरी बसला होता. त्याला मनवायला माणूस धाडला, तर तो म्हणाला, मले नातं नाई. गोरज तर कोणासाठी थांबत नाही. कमलाकांत धावत घरी आले आणि कपाटातून हाताला लागेल ते उचललं. विहीणबाईंचा शालू सोडला तर खाने जवळजवळ रिकामे होते. काही उपरणी उरली होती, दोन-चार टॉवेल, आणि वैद्यबुवांच्या जादा खान्यातलं एक धोतर, ते कोणासाठी ठेवलं होतं हे त्यांना आठवेना. तेवढं घेऊन ते परत आले आणि शाळेच्या पायरीपासून कापड टाकायला लागले.

कापडं थोडी आणि रस्ता लांब. सत्यभामाबाईंनी पुढच्या कापडावर पाय ठेवला की मागचं ओढायचं, धावत पुढे जायचं, टाकायचं, आणि पुन्हा मागे यायचं. बँड सुरू झाला. वऱ्हाड मागून चाललं. विहीणबाई मुद्दाम हळू चालत होत्या, प्रत्येक कापडावर दोन्ही पाय टेकून उभ्या राहत होत्या, आणि एकदा तर सुरकुती आहे म्हणून त्यांनी उपरणं पुन्हा टाकायला लावलं. पोस्टमास्तर गॅलरीतून म्हणाले, "डाव्या बाजूने टाका हो, तिकडे रस्ता सपाट आहे." वैद्यबुवांनी कमरेला कोणतं तेल लावावं ते सांगितलं.

"विहीणबाई, जरा पाय उचला," कमलाकांत धापा टाकत म्हणाले. "गोरज चालली."

"इतका येळ आमी थांबलो. आता ते थांबन," सत्यभामाबाई म्हणाल्या.

कमलाकांतांचं धोतर धुळीने भरलं होतं, चष्मा खिशात होता, आणि ज्या मंडळींना त्यांनी दुपारभर रांगेत उभं केलं ती सगळी दुतर्फा उभी राहून बघत होती. इतका अपमान त्यांच्या उभ्या नोकरीत झाला नव्हता. मांडवाच्या कोपऱ्यावर किसनराव पुढे झाले आणि त्यांनी खालच्या उपरण्याला हात घातला.

"द्या भाऊजी. तुमची कंबर जाईन. मी टाकतो."

कमलाकांतांनी त्यांच्या हातातून उपरणं हिसकावून घेतलं.

"सरका बाजूले," ते म्हणाले. "पोरीच्या बापाचं काम हाये हे."

आणि त्यांनी ते झटकलं, आणि विहीणबाईंच्या पुढे नीट, सुरकुती न पडू देता अंथरलं.